लाइव्ह चित्रंवाले बोलावले, पैसे वसूल झाले का?

पुण्यात आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इनोव्हेशनचा एक दिवसाचा कार्यक्रम होता, तीन पॅनल आणि मध्ये पोरांचं आयडिया पिचिंग, आणि मी कोऑर्डिनेटर म्हणजे शेवटी रिपोर्ट माझ्याच गळ्यात. दरवर्षी तेच, जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो, "मान्यवरांनी बहुमोल मार्गदर्शन केले", पीडीएफ पोर्टलवर अपलोड, संपलं. म्हणून यंदा चर्चा ऐकता ऐकता चित्रं काढणारे दोघं बोलावले. ग्राफिक रेकॉर्डिंग म्हणतात याला, 1970च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास रुजलेला प्रकार आहे. कोटेशन फोटोग्राफरच्या तिप्पट. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "चित्रकला स्पर्धा आहे का सर?"

काम बघायला मात्र मजा येते. एक जण आयपॅडवर आणि ताई स्टेजच्या बाजूला आठ फुटी फोमबोर्डवर, तिरक्या टोकाचे मार्कर, वक्त्याच्या एक-दोन वाक्यं मागे राहून ऐकायचं, अर्धं सोडून द्यायचं आणि उरलेलं मांडायचं. देवनागरी लिहितील का ही धाकधूक होती, कारण पॅनल अर्धं मराठीतच चाललेलं. ताई आधी सगळी अक्षरं उघडी लिहायची आणि मग एका दमात शिरोरेघ ओढायची, पोरं त्याचेच व्हिडिओ काढत होती. इनोव्हेशन आलं की बल्ब, स्टार्टअप आलं की रॉकेट, एवढं जरा कमी करा प्लीज, मी सात बल्ब मोजले.

पण एका पोरीने पिचिंगमध्ये सहज म्हटलं की प्रोटोटाइप करायचा कधी, लॅब पाचला बंद होते. मी रिपोर्टमध्ये हे वाक्य कधीच घेतलं नसतं, खरं सांगतो. ताईने दाराला भलंमोठं कुलूप आणि वर पाच वाजलेलं घड्याळ काढलं, चहाच्या ब्रेकला सगळी गर्दी त्याच्यासमोर, लॅब असिस्टंटने येऊन "शनिवारी तर एकलाच" अशी दुरुस्तीही करवून घेतली. प्राचार्य सर बराच वेळ बघत उभे होते, बोलले काहीच नाहीत.

एक लोचा झाला. एका टीमच्या डिव्हाइसची आतली रचना जशीच्या तशी बोर्डवर आली आणि आयपॅडवाला ते इन्स्टावर टाकणार एवढ्यात आमच्या पेटंट सेलचे सर धावत आले. पेटंटचा अर्ज करायच्या आधी गोष्ट जगजाहीर झाली की नॉव्हेल्टीवर, म्हणजे शोधाच्या नवेपणावर, पाणी. खरं तर प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज आधी टाकला की पूर्ण स्पेसिफिकेशनला (शोधाच्या सविस्तर वर्णनाला) 12 महिने मिळतात, आणि 2021 पासून कॉलेजांना फीमध्ये 80 टक्के सूटही आहे, पण आमच्याकडे कार्यक्रम आधी अन् अर्ज नंतर. तेवढा भाग ताईने पांढऱ्या कागदाने झाकला. यात चूक आमचीच जास्त, पण काय काढायचं नाही हे त्यांनीही आधी विचारायला हवं होतं.

फायनल फाइल चार दिवसांनी आली, क्वालिटी मस्त. पाचपैकी चार स्टार. बोर्ड सध्या लॅबबाहेर आहे, कुलूप दिसेल असा, तो तिथे कोणी ठेवला ते मला विचारू नका.