यूव्हीचं लोएस्ट-डायरेक्ट, काही महिने वापरून झाल्यावर

यूव्ही, म्हणजे पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करायचं टूल, बहुतेक जण स्पीडसाठी घेतात, मीपण त्यासाठीच घेतलं, पण आज ज्या फ्लॅगबद्दल (कमांडसोबत द्यायचा पर्याय) लिहितेय त्याच्याकडे फारसं कुणी बघतच नाही: रिझोल्यूशन लोएस्ट-डायरेक्ट.

पावसाच्या आकडेवारीची आमची छोटी पायथन लायब्ररी आहे. त्यात मी खुशाल लिहून ठेवलं होतं की पांडाज (तक्त्यातल्या डेटाची लायब्ररी) 1.5.3 पासून पुढचं सगळं चालतं. टेस्ट कायम हिरव्या. मग एका कॉलेजच्या मुलीचा मेल आला, लॅबच्या मशीनवर डेबियन 12 लिनक्स, त्यात पांडाज 1.5.3 च येतं, आणि महिन्यावार बेरीज करायला गेली की 'इन्व्हॅलिड फ्रीक्वेन्सी: एमई'. रिसॅम्पलमध्ये (महिन्यावार गट पाडणारं फंक्शन) 'एमई', म्हणजे महिनाअखेर, मीच लिहिलेलं, ते आलं पांडाज 2.2 ला, आधी नुसतं 'एम' होतं. आमच्या सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) नेहमी लेटेस्टच इन्स्टॉल व्हायचं, मग कळणार कुठून! खूप वाईट वाटलं, चालतं असं लिहिलं म्हणजे समोरच्याने त्यावर विश्वास ठेवलेला असतो हो.

हा फ्लॅग लावला की आपण स्वतः मागितलेल्या पॅकेजचं, चालेल म्हणून सांगितलेलं सगळ्यात जुनं व्हर्जन येतं, त्यांच्यामागून येणारी मात्र नवीच. पहिल्या रनला गाडी टेस्टपर्यंत पोचलीच नाही, इम्पोर्टलाच 'न्यूमपाय डीटाइप साइझ चेंज्ड'. झालेलं असं की न्यूमपाय (आकडेमोडीची लायब्ररी, पांडाज तिच्यावरच चालतं) आम्ही कोडमध्ये थेट वापरत होतो पण डिपेन्डन्सीत, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत, लिहिलंच नव्हतं, त्यामुळे ते पांडाजच्या मागून आलं आणि थेट 2 च्या पुढचं आलं, आणि पांडाज 1.5.3 बांधलेलं न्यूमपाय 1 वर, न्यूमपाय 2 शी जमायला लागलं ते पांडाज 2.2.2 पासून. न्यूमपाय 1.23.2 असं खालचं व्हर्जन लिहिलं (पायथन 3.11 ला तिथूनच सपोर्ट आहे), परत चालवलं, आणि मेलमधली तीच एरर माझ्या स्क्रीनवर! 'एमई' काढून तिथे मंथएंड ऑफसेट दिला, तो जुन्या-नव्या दोन्हीवर चालतो.

नुसतं लोएस्ट मात्र लावू नका. ते मागून येणारीपण सगळ्यात जुनी उचलतं, आणि कुणीतरी खालची मर्यादाच लिहिलेली नसते, की मग कुठल्यातरी जमान्याचं पॅकेज सोर्सपासून बिल्ड करायला बसतं आणि फुटतं. त्यात आपल्या कोडची चूक काहीच नसते, वेळ जातो फक्त.

आता कुठलं व्हर्जन ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे यूव्ही ठरवत नाही, ते आपल्यालाच ठरवायला लागतं. सायंटिफिक पायथनवाल्यांचा स्पेक 0 नावाचा सल्ला आहे, पायथन 3 वर्षं आणि मुख्य पॅकेज 2 वर्षं सांभाळा म्हणतो. पांडाज 1.5 पहिल्यांदा आलं सप्टेंबर 2022 ला, म्हणजे त्या हिशोबाने 1.5.3 पण सप्टेंबर 2024 लाच सोडायला हवं होतं. मी नाही सोडलं. सांभाळायला एक जास्तीचा सीआय जॉब लागतो इतकंच, आणि लॅबमधली मुलं मशीन स्वतः अपग्रेड करू शकत नाहीत. पायथन 3.8 मात्र लगेच काढलं, ऑक्टोबर 2024 नंतर त्याला सिक्युरिटी फिक्सपण येत नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण लॉक फाइल (पक्की व्हर्जनं नोंदवलेली फाइल) असलेल्या प्रोजेक्टमध्ये हा जॉब वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवायचं भान आपल्यालाच ठेवायला लागतं.