मॅशअपसाठी रीपर: सुराचं काम सोपं, लयीचं हातानं

जुनी मराठी-हिंदी गाणी एकमेकांत गुंफून घरच्या कॉम्प्युटरवर मॅशअप करायचा असेल तर रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर घ्यावं. तयार लूप (पुन्हापुन्हा वाजणारे छोटे तुकडे) एकावर एक चढवून दहा मिनिटांत काहीतरी वाजवायचं असेल तर एबलटन लाइव्ह बरं, कारण ते गाण्याचा वेग स्वतःच ओळखून बसवायला बघतं. रीपर तसले लाड करत नाही.

विनअ‍ॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कोकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. ६० दिवस फुकट, कुठलीही सोय बंद न ठेवता. त्यानंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलर. मुदत उलटली तरी कुलूप लागत नाही, उघडताना फक्त आठवण करून देतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि जुन्या ८ जीबीच्या लॅपटॉपवरही दमत नाही. दिसायला मात्र रुक्ष आहे, मेनूंचं तर जंगलच.

गाण्यातून आवाज वेगळा काढण्यासाठी अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हे फुकट सॉफ्टवेअर जोडीला लागतं. त्यातलं डेमुक्स मॉडेल आवाज, ड्रम, बेस आणि उरलेलं सगळं असे चार स्टेम, म्हणजे गाण्याचे सुटे थर, देतं. एनव्हिडियाचं निदान ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर काम झटपट होतं, नसेल तर गाणं लावून चहा करून यावा. मेमरी कमी पडल्याचा एरर आला तर सेगमेंटचा (एका वेळी हाताळायच्या तुकड्याचा) आकडा कमी करा. आपल्या गाण्यांत सारंगी, व्हायोलिन, बासरी बरेचदा गळ्याच्या स्टेममध्ये घुसतात, कारण त्यांचे सूरही गळ्यासारखेच लांबतात आणि मींड घेतात. दोन ओळींमधली अशी गळती रीपरमध्ये एस दाबून कापून टाकावी. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅक हवी. दाबलेल्या एमपी३मधून काढलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. स्टेमही वेव्हमध्येच काढा. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते आणि ठेका तेवढा मागे पडतो.

आता सूर. गळ्याच्या स्टेमवर रीट्यून हे सूर दाखवणारं प्लगिन (जोड-साधन) लावायचं आणि एखादा लांब धरलेला षड्ज वाजवायचा. जुनी रेकॉर्डिंग नेमकी पट्टीत क्वचितच सापडतात. समजा, सा काळी एकच्या ३० सेंट (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन, शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) खाली निघाला आणि गाणं पांढरी दोनवर न्यायचं आहे. एफ२ दाबून पिचच्या चौकटीत १.३ लिहायचं. नुसतं १ लिहिलं तर पट्टी बरोबर दिसते, पण बेसबरोबर ऐकताना गाणारा बेसूर वाटतो, आणि दोष बिचाऱ्या गाणाऱ्याच्या माथी जातो. तीन सेमीटोनपर्यंत आवाज टिकतो, पुढे गळ्याचा पोतच बदलतो. तिथे पट्टी बदलण्याच्या इलास्टिक प्रो मोडमध्ये फॉर्मंट (गळ्याचा पोत ठरवणारे ध्वनीचे गुण) राखण्याचा पर्याय निवडून बघावा. नुसत्या गळ्यासाठी इलास्टिक सोलोइस्ट चांगलं, पण मागे कोरस किंवा एको उरला असेल तर ते थरथरतं, मग पुन्हा प्रो.

दोन्ही गाण्यांचा सा एकच असायला हवा असं नाही. पांढरी एकवरची बिलावल थाटाची चाल पांढरी सहावरच्या आसावरी थाटाच्या साथीवर बसते, सात सूर तेच असतात.

खरी परीक्षा लयीची. क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या टिकटिकीशिवाय), सगळे वादक एकत्र बसून ध्वनिमुद्रित केलेलं गाणं पुढे सरकत जातं. केरवा ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ बीट) सुरू झाला तर चार बीटचं आवर्तन २.५ सेकंदांचं. अंतऱ्यात वादक ९९ वर गेले की तेच आवर्तन साधारण २.४२ सेकंदांचं होतं. फरक किरकोळ वाटतो, पण १६ आवर्तनांत गाणं जवळपास अर्धं आवर्तन पुढे निघून जातं.

उपाय असा. नवा वेग १०४ ठेवायचा असेल तर चारही स्टेम निवडून एफ२मध्ये प्लेबॅक रेट १०४ भागिले ९६, म्हणजे १.०८३३ करा, पिच जपण्याची खूण चालू ठेवून. पहिली सम आखणीच्या रेघेवर आणा. मग स्टेम निवडलेलेच ठेवून प्रत्येक समेवर शिफ्ट + डब्ल्यू दाबून स्ट्रेच मार्कर (ध्वनी ताणायच्या खुणा) टाका. ग्रिड एका पूर्ण मेजरवर (इथे एक आवर्तन) ठेवा आणि मार्कर ग्रिडला चिकटवा. मार्कर सर्वांत जवळच्या रेघेवर उडी मारतो, त्यामुळे गाणं अर्ध्या आवर्तनाहून जास्त सरकलं असेल तर तो शेजारच्या मेजरवर जाऊन बसतो आणि एखादी ओळ रबरासारखी ताणली जाते. म्हणून चार-चार आवर्तनं करत पुढे जा. सम आपोआप शोधायला रीपरला सांगू नका: गळ्याच्या स्टेममध्ये ते व्यंजनांचे ठोके पकडतं, समेचे नाही. तबला-ढोलकीच्या स्टेमवर डायनॅमिक स्प्लिट (ठोक्यांवर आपोआप कापण्याची सोय) थोडंफार कामी येतं, तरी कान लावावाच लागतो.

दादऱ्याचं गाणं चार बीटच्या ठेक्यावर घालायच्या फंदात पडू नये. सहा मात्रा ओढूनताणून केरव्याच्या आठांत घातल्या की शब्दांचे आघात भलतीकडे पडतात.

मिक्स करताना एकाच गाण्याचा बेस ठेवा. गळ्यावर रीईक्यू प्लगिनचा हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) १०० ते १२० हर्ट्झवर लावला की खालची घरघर जाते. रेंडरच्या (अंतिम फाइल काढायच्या) खिडकीत लाउडनेस -१४ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) -१ डीबी एकाच वेळी लावता येतं, वेगळं प्लगिन लागत नाही. हवा असल्यास एमपी३ इथेच, अगदी शेवटी काढा. यूट्यूबवर टाकणार असाल तर सूर आणि वेग बदलले तरी कंटेंट आयडी ही त्यांची हक्क तपासणारी यंत्रणा मूळ रेकॉर्डिंग ओळखू शकते, हे धरून चाला.