'स्माइल' की 'द बाबाडूक': शनिवारी रात्री कुठला लावायचा?

आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्ये या शनिवारसाठी हे दोनच सिनेमे उरलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन्हींत भूत आहे आणि दोन्हींत ते जुन्या जखमेतूनच आत शिरतं.

पार्कर फिनचा 'स्माइल' (2022) जवळपास दोन तासांचा. मानसोपचार विभागातल्या डॉक्टर रोझसमोर एक पेशंट हसत हसत जीव देते आणि तेव्हापासून ते हसू रोझची पाठ सोडत नाही. दचकवणारे प्रसंग भरपूर आणि नेमके. पण मला जास्त लागलं ते घरच्यांचं वागणं: ती खरं सांगतेय आणि सगळे 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय' अशा नजरेनं बघतायत. आपल्या शहरात 1901 पासून मनोरुग्णालय आहे, 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा ऐकतच आपण वाढलो. ती नजर आपल्याला ओळखीची आहे. शेवट मात्र मला पटला नाही. दुःखाला तिथे नुसता शाप करून टाकलंय.

जेनिफर केंटचा ऑस्ट्रेलियन 'द बाबाडूक' (2014) दीड तासाचा. अमेलियाला बाळंतपणासाठी नेताना गाडीला अपघात होऊन नवरा गेला. म्हणजे मुलगा सॅम्युएलचा वाढदिवस तीच बापाची पुण्यतिथी, म्हणून त्या तारखेला तो कधी साजराच झालेला नाही. नवऱ्याचं सामान तळघरात, त्याचा विषय काढायचा नाही. मग घरात बाबाडूक नावाच्या भुताचं एक चित्रांचं पुस्तक सापडतं. ती ते फाडून टाकते, तर तेच पुस्तक चिकटवून पुन्हा दारात हजर, आणि गोष्ट पुढे सरकलेली! इथे दचके कमी. भीती वाटते ती आईची. झोप नाही, दाढ ठणकतेय, पोरगं किंचाळतंय, आणि तिचा हात कधी उठेल याचा नेम नाही. आईला स्वतःच्या पोराचा संताप येतो, हे अमेलिया झालेली एस्सी डेव्हिस कुठेही मऊ न करता दाखवते. एकट्या आईला 'किती खंबीर' म्हणून आपण मोकळे होतो, तिला थकायची मुभा देत नाही. म्हणून माझं मत 'बाबाडूक'ला.

आठ-दहा जण जमून आरडाओरडा करायचा असेल तर 'स्माइल' घ्या. एकट्यानं बघणार असाल तर 'बाबाडूक', तोही हेडफोन लावून. घोडबंदर रोडच्या हॉर्नमध्ये बाबाडूकची दारावरची ठकठक हरवते. घरात कुणी आत्महत्या केली असेल तर 'स्माइल' लावूच नका, त्यात ते फार जवळून दाखवलंय. आणि दोन्हींत पाळीव प्राण्याचा जीव जातो, मांजर-कुत्रेवाल्यांनी आधीच जाणून बसावं.