साजासाठी सोनं: २४ कॅरेट की २२?

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना करायला गेलात की पहिली गोष्ट निघते ती प्युरिटीची. २४ कॅरेट म्हणजे ९९.९ टक्के सोनं. ऐकायला भारी, पण दागिन्याला फार मऊ. साजाची पानं नखाएवढी, त्यावर मासा, कासव बारीक ठोकून उठवलेलं. मऊ सोन्यात ती नक्षी झिजते, कड्या वाकतात. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, बाकी तांबं-चांदी, आणि त्यानंच घट्टपणा येतो. अंगावर घालायचा साज २२चाच करावा, हे माझं ठाम मत. हॉलमार्कचा, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचा, सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा. मण्यांच्या आत लाख भरलेली असेल तर तिचं वजन सोन्यात धरू देऊ नका. नुसतं साठवायचं असेल तर मात्र २४चं वेढणं किंवा नाणं घ्या.