उघड्यावरच्या टेबलांसाठी मिस्ट सिस्टीम: नागपुरात पैसा वसूल, मुंबईत पैसा पाण्यात

उन्हाळ्यात गच्चीवर गिऱ्हाईक बसेना, म्हणून हॉटेलवाले आता सर्रास मिस्ट सिस्टीम, म्हणजे बारीक तुषार उडवून हवा गार करणारी यंत्रणा, लावताहेत. ३-४ बार दाबाच्या छोट्या पंपावर चालणारी स्वस्त पडते, पण तिचा थेंब जाड. हवेत विरण्याआधीच तो चष्म्यावर आणि पापडावर पडतो. बसायच्या जागेला ७० बारचा पंप आणि ०.२ मिमीचे नोझल हवेत.

गारवा किती मिळेल हे हवेतल्या दमटपणावर ठरतं. मे महिन्यात नागपुरात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब तापमान (पाणी विरून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) २२-२३ च्या आसपास असतं, म्हणजे पारा उतरायला वीसेक अंशांची जागा. उघड्यावर वारा गारवा उडवून नेतो, तेव्हा पाच-सात अंश पदरात पडले तरी पुष्कळ. मुंबईत ३४ अंश, ६५ टक्के असताना ही जागा सहाच अंशांची, वर घाम वाळणं मंदावतं ते वेगळंच. नागपूरकरांना हे सांगायला नको. पहिल्या सरी पडल्या की कूलर कसा चिकचिक करतो ते त्यांना ठाऊक आहे.

आणि तुषाराने ऊन अडत नाही. आधी ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट, बाजू मोकळ्या. मग अडीच मीटर उंचीवर, ६०-७५ सेंमी अंतराने नोझल. उलट क्रमाने खर्च करणारेच जास्त दिसतात.

बिघाड बहुतेक पाण्यामुळेच. बोअरच्या पाण्याने नोझलच्या तोंडाशी पांढरा ठिपका धरतो, फवारा एका बाजूला वाकतो आणि शेवटी नुसतं ठिबकत राहतं. नोझल काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवले की बहुतेक मोकळे होतात. पाण्याचा कठीणपणा घालवणाऱ्या सॉफ्टनरने क्षार धरायचे थांबतात, पण टेबलावर पांढरी भुकटी बसतेच; त्यावर आरओच बरा. १० नोझलना तासाला साधारण ५०-६० लिटर पाणी लागतं, तेव्हा घरगुती आरओ पुरणार नाही. सिस्टीम काही दिवस बंद राहिली तर पाइप आणि टाकी रिकामी करूनच ठेवा. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा जंतू वाढतो आणि तुषारातून थेट फुप्फुसात जातो.

विदर्भ, खानदेश, मराठवाडा: बिनधास्त घ्या. पुण्यात मार्च ते मे एवढाच उपयोग. मुंबई-पणजीत त्याच पैशांत शेडनेट आणि मोठे पंखे लावा. अंगावरून वारा फिरला की घाम तरी वाळतो.