टोमॅटो लावताय? सेल्फ वॉटरिंग कुंडी घेण्याआधी तिचं बूड बघा

पाणी कमी पडलं तरी टोमॅटोचं झाड माना टाकतं, आणि मुळं पाण्यात गुदमरली तरी तशाच माना टाकतं. या सारखेपणावर एका ऑनलाइन विक्रेत्याचा दुहेरी धंदा चाललाय. आधी मुळं कुजवणारी कुंडी विकायची, मग कोमेजलेल्या झाडाचा फोटो मागवून त्यावरचं 'औषध' विकायचं. माझ्याकडून दोन्हींचे पैसे घेतले गेले, म्हणून हे लिहितेय.

जाहिरातीत सगळं छान होतं. तळाला पाण्याची टाकी, पाणी वर खेचणारी वात, पातळी दाखवणारा तरंगता लाल दांडा, पंधरा दिवस झाडाकडे बघायला नको. सोबत 'खास टोमॅटो मिश्रण' वेगळे पैसे देऊन. रोपं आधी जोमात वाढली. रोप लहान असताना मुळं वरच्या थरातच असतात, त्यामुळे खालची खोट कळत नाही. ती कळली फुलं यायला लागल्यावर. कडक उन्हात टोमॅटो दुपारी मलूल होतो आणि संध्याकाळी सावरतो, त्यात काळजीचं काही नसतं. इथे मात्र सकाळीसुद्धा पानं लोंबत होती, आणि माती हाताला ओलीगच्च.

विक्रेत्याला कळवलं तर फोटो बघून लगेच निदान झालं: "ताई, हा मर रोग आहे. बाकीच्या कुंड्यांत पसरायच्या आत औषध घ्या." खोड कापून बघा, मुळं दाखवा, असं काहीच नाही. बाटली आली तिच्यावर घटकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. हसऱ्या टोमॅटोचं चित्र तेवढं होतं. बरं, खरोखर जिवाणूंमुळे मर आली असेल तर झाड बरं करणारं औषधच नसतं, ते उपटून टाकावं लागतं. म्हणजे निदान खरं धरलं तरी बाटली खोटीच!

या रोगाची परीक्षा घरी करता येते. खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून त्याचं कापलेलं टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टेकवून धरायचं. जिवाणू असतील तर काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरायला लागतात. माझ्या ग्लासातलं पाणी नितळच राहिलं. बुरशीच्या मर रोगात खालची पानं आधी पिवळी पडतात, बऱ्याचदा एकाच बाजूची, आणि खोड उभं चिरलं की सालीखाली तपकिरी रेघा दिसतात. तेही नव्हतं. मग झाड उपसलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी; ओढली की वरची साल हातात आणि आत नुसता दोरा. ही सरळ सरळ मुळकूज.

कुंडी रिकामी केल्यावर सगळा उलगडा झाला. 'खास मिश्रण' म्हणजे वर बोटभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खाली चिकणमाती. अशा कुंडीत पाणी खालून सतत चढत असतं, त्यामुळे मिश्रण भुसभुशीत हवं. चिकणमाती पाणी धरून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. माती आणि टाकी यांच्या मधली जाळी वजनाने वाकून टाकीत बुडाली होती. लाल दांडा नळीत अडकलेला, टाकी भरली तरी 'पाणी कमी' दाखवणारा. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे टाकीला जादा पाणी बाहेर जायचं भोकच नव्हतं. ते भोक जाळीच्या जरा खाली असावं लागतं, म्हणजे पाणी आणि जाळी यांच्यात हवेची पोकळी राहते. पाण्यात फक्त वात किंवा मिश्रणाने भरलेला एखादा पाय उतरायला हवा, कुंडीतलं सगळं मिश्रण नाही.

पंधरा दिवसांचा दावाही असाच. फळं लागलेलं मोठं झाड उन्हाच्या दिवसांत रोज दोन लिटरच्या पुढेही पाणी पिऊ शकतं. टाकीत किती लिटर मावतं ते विचारा आणि भागाकार करा.

पैसे परत मागितले, तर "माती न भरलेली कुंडीच परत घेतो" असं उत्तर आलं. न भरलेल्या कुंडीत दोष दिसणार कसा, यावर मौन. पाच तारेवाले अभिप्राय नंतर नीट वाचले: बहुतेक खोकं उघडल्याच्या दिवशीचे, 'रंग सुंदर आहे' छापाचे. फळं धरेपर्यंत वाट बघून लिहिलेला एकही नाही.

कुंडीचा हा प्रकारच वाईट, असं मात्र म्हणणार नाही. उरलेल्या कुंड्यांना मीच जाळीच्या खाली भोक पाडलं, जाळीला आतून टेकू दिला आणि माती बदलून कोकोपीट, पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) व गांडूळखत भरलं. मुळं पूर्ण कुजलेली झाडं गेली, पण त्यांच्या शेंड्याकडचे निरोगी फुटवे ओलसर कोकोपीटमध्ये खोचले तर त्यांना मुळं फुटली. टोमॅटोचं खोड यात फार उदार आहे.

आता कुठलीही अशी कुंडी घ्यायच्या आधी मी आतून आणि बुडाकडून काढलेले फोटो मागते आणि जादा पाण्याचं भोक कुठे आहे ते विचारते. याच विक्रेत्याच्या नव्या जाहिरातीखाली हा प्रश्न टाकला होता. प्रश्न पुसला गेला, कुंडी अजून विक्रीला आहे.