साउंड दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्यांपासून जपून

विंडोज नव्याने टाकलं आणि आवाज गेला, यात विशेष काही नाही. डिस्क पुसली की ऑडिओ चिपचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवता यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅमही, पुसला जातो. विंडोजकडे त्याच्या जागी चालेलसा दुसरा नसला, तर कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली येते. स्पीकर ठणठणीत असतात, चिपही. विंडोज १०ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, तेव्हापासून आहे त्याच मशीनवर विंडोज ११ टाकणारे बरेच जण दिसतात. त्यातल्या कुणाला ही फुली दिसली तर माझ्याकडून पैसे कसे उकळले गेले ते त्याला आधीच माहीत असावं, म्हणून हे लिहितोय.

मी लॅपटॉपच्या कंपनीचं नाव टाकून ‘साउंड ड्रायव्हर’ शोधलं. सगळ्यात वरचा दुवा जाहिरातीचा होता, पण पान हुबेहूब कंपनीच्या पानासारखं. मधोमध डाउनलोडचं भलंमोठं हिरवं बटण. त्यातून ड्रायव्हर उतरलाच नाही; उतरलं ते ‘सगळे ड्रायव्हर तपासणारं’ एक सॉफ्टवेअर. त्याने तपासणीचं नाटक करून लाल अक्षरांतली लांबलचक यादी पुढ्यात टाकली. कीबोर्ड, माउस, यूएसबी, डिस्क, सगळ्यांचे ड्रायव्हर म्हणे २००६ सालचे. खाली ‘तज्ज्ञांशी बोला’ आणि फोन नंबर.

या २००६चं कोडं भल्याभल्यांना घाबरवतं. विंडोजसोबत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे जे ड्रायव्हर येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर मुद्दाम २१ जून २००६ ही तारीख घातलेली असते. चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर मिळाला तर तो तारखेने नवा ठरावा आणि विंडोजने तोच उचलावा, एवढाच त्यामागचा हेतू. आतली फाइल ताजीच असते. नव्याकोऱ्या मशीनवरही ही यादी तितकीच लाल निघेल.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. पैशाचं नावही नाही. ‘सर, प्रॉब्लेम समजण्यासाठी स्क्रीन बघावी लागेल,’ म्हणून त्याने दूरवरून संगणक चालवायचं ॲप टाकायला लावलं. अशी ॲप चांगल्या कामासाठीही वापरली जातात, त्यामुळे त्यात वावगं वाटलं नाही. माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडली आणि एररच्या लाल खुणा एकेक करून दाखवल्या. ‘हे सगळे हल्ले आहेत सर, त्यातल्याच एकाने तुमचा साउंड बंद पाडलाय.’ मग सर्व्हिसेसची, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या सेवांची, यादी काढून ‘स्टॉप्ड’ लिहिलेल्या ओळींवर बाण फिरवला. शेवटी कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली. ‘आता मी आमच्या रेकॉर्डमधून तुमच्या संगणकाचा लायसन्स आयडी वाचतो, तुम्ही लिहून घ्या.’ त्याने ८८८डीसीए६० असा सुरू होणारा लांबच लांब आकडा सावकाश वाचला. मग ‘असोक’ (assoc) ही आज्ञा टाइप केली. सरसर ओळी धावल्या, आणि तळाशी तोच आकडा, अक्षर न् अक्षर जुळणारा.

माझ्या संगणकाचा आकडा ज्याला आधीच ठाऊक आहे, तो कंपनीचाच असणार, नाही का? खरी मेख तीच होती.

त्यानंतर त्याचा आवाज जरा करडा झाला. नुसता साउंड करून उपयोग नाही, वर्षभराचं ‘संरक्षण’ घेतलं नाही तर लायसन्स रद्द होईल, बाकीचे भागही बंद पडतील. पैसे जमा होईपर्यंत तो लाइनवरून हलला नाही. जमा झाल्यावर मात्र काम झटपट. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. तिथे ड्रायव्हर अपडेट्सखाली रियलटेक या ऑडिओ चिप बनवणाऱ्या कंपनीची एक ओळ होती. त्याने तिच्यासमोर टिक केली, इन्स्टॉल दाबलं, रीस्टार्ट केलं आणि लॅपटॉप बोलू लागला. आवाज खरोखर आल्यामुळे संशयाला जागाच उरली नाही. उलट मी त्याचे आभार मानले!

पुढे घरातल्या दुसऱ्या संगणकाचाही ‘लायसन्स आयडी’ लिहून ठेवावा म्हणून मी तीच आज्ञा दिली. तोच आकडा. शेजाऱ्यांच्या संगणकावरही तोच. तो लायसन्सचा नाहीच. झिप फोल्डरच्या ‘सेंड टू’ सोयीची ती अंतर्गत ओळख आहे आणि विंडोजच्या सगळ्या संगणकांवर सारखीच असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये धडधाकट मशीनवरही एरर साठतातच, कारण एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. आणि बऱ्याच सर्व्हिसेस गरज लागेपर्यंत बंदच ठेवलेल्या असतात. म्हणजे त्याने पडद्यावर दाखवलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं. अर्थ तेवढा खोटा सांगितला. चोराच्या या हुशारीचं मला आजही नवल वाटतं, आणि तितकाच संतापही येतो.

ज्या कामाचे पैसे घेतले, ते फुकटात कसं होतं ते बघा. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’सारख्या नावावर पिवळा त्रिकोण असेल आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड २८ दिसत असेल, तर ड्रायव्हर टाकलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. आधी ऑप्शनल अपडेट्स बघा. तिथे काही नसेल तर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर जा. पत्ता स्वतः टाइप करा, शोधातल्या जाहिरातीवरून जाऊ नका. मॉडेल नंबर टाकला की ड्रायव्हर मिळतो. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर आधी चिपसेट आणि ‘स्मार्ट साउंड’चा ड्रायव्हर लागतो, मगच ऑडिओचा नीट बसतो, हा क्रम चुकल्यामुळे ‘टाकला तरी आवाज नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. चिप कुणाची हेच कळत नसेल तर प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा. त्यात व्हेन_१०ईसी (VEN_10EC) असेल तर चिप रियलटेकची.

त्रिकोण नसूनही आवाज नसेल, तर साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून एचडीएमआयचा मॉनिटर निवडला गेलाय का ते बघा. अशा वेळी आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात असतो. आणि स्पीकरच खराब झालेत अशी शंका असेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) नुसतं चालवून बघा, टाकायची गरज नाही. तिथे आवाज आला तर नवं साउंड कार्ड विकायला निघालेल्याला दारातूनच परत पाठवा.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की विषय संपला.

कुणाला संगणक चालवायला देऊन बसला असाल, तर आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्याच मशीनवरून पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा. माझ्याकडे त्याने ते ॲप पासवर्ड ठेवून बसवलं होतं, म्हणजे मी हो म्हटलं नाही तरी त्याला केव्हाही आत येता आलं असतं. मी सगळं पुसून विंडोज पुन्हा टाकलं. आवाज पुन्हा गेला, आणि या खेपेला त्याच ऑप्शनल अपडेट्समधून चहा निवायच्या आत परत आला.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. काही काळाने फोन येतो, ‘आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत.’ पुन्हा स्क्रीन मागतात, बँकेचं पान उघडायला लावतात आणि ब्राउझरमध्येच पानावरचा आकडा बदलून दाखवतात, जणू चुकून जास्त पैसे जमा झाले. मग ‘वरची रक्कम परत पाठवा, नाहीतर माझी नोकरी जाईल’ अशी रडारड सुरू होते. खात्यात एक पैसाही आलेला नसतो. पान नुसतं रिफ्रेश केलं की जुनी शिल्लक दिसते. मला हा फोन आला तेव्हा ते ॲप लॅपटॉपवर नव्हतं, त्यामुळे तो पुन्हा टाका म्हणून विनवत राहिला. मी नाही म्हटल्यावर मात्र अदब क्षणात संपली आणि शिव्या सुरू झाल्या.